पाटी एक, झाड दुसरंच

अ‍ॅकिल हे आयर्लंडच्या पश्चिम टोकाचं, मेयो परगण्यातलं बेट. आयरिश किनाऱ्यालगतच्या बेटांमध्ये सर्वांत मोठं. मुख्य भूमीशी ते एका पुलाने जोडलेलं आहे. उन्हाळा लागला की या बेटावर रस्त्याकडेच्या चरांत, ओढ्यांच्या काठी, पडीक शेतांत आणि थेट समुद्रावर झुकलेल्या कड्यांवरही एक झाड असं काही उभं राहतं की पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. अळूचं पान वाढत वाढत दीड मीटर रुंद झालं, देठ माणसाच्या उंचीला पोचला आणि त्या देठावर बोचरे काटे उगवले, तर जे दिसेल तसं हे झाड. पान हाताला खरखरीत लागतं, कडा दातेरी, पाठीवरच्या शिरा उठून दिसणाऱ्या. एका झाडाच्या पानांखाली दोनचार माणसं पावसात आडोशाला उभी राहू शकतात. पाहताना वाटतं, हे इथलं आदिम काळापासूनचं रहिवासी असणार. पण या भूमीवर त्याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

लोक त्याला ‘जायंट रुबार्ब’ म्हणतात. रुबार्ब म्हणजे युरोपातल्या परसात लावतात ती आंबट, लालसर देठांची भाजी. साखर घालून तिचा गोड पदार्थ करतात. पान आणि देठ यांच्या ठेवणीत थोडं साम्य आहे, तेवढ्यावर हे नाव पडलं. नातं मात्र काहीच नाही. रुबार्ब हे चुका आणि बकव्हीट यांच्या कुळातलं. हे झाड गनेरा नावाच्या प्रजातीतलं, आणि तिचं कुळही जवळपास तिच्यापुरतंच. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमचे बिशप आणि वनस्पतीशास्त्रज्ञ योहान अर्न्स्ट गुन्नेरुस यांच्या स्मरणार्थ लिनियसने हे नाव ठेवलं. या प्रजातीचे जीवाश्म झालेले परागकण क्रिटेशस काळातल्या, म्हणजे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. तेव्हा डायनोसॉर जिवंत होते. न्यूझीलंडमध्ये याच प्रजातीतली काही झाडं इतकी इवलीशी आहेत की त्यांची पानं बोटाच्या पेरांवर मावतील आणि ती जमिनीवर हिरवळीसारखी पसरतात. तीच प्रजाती, तीच घडण, आणि एका टोकाला पेरभर पान तर दुसऱ्या टोकाला छत्रीला लाजवील असं पान.

बागांच्या दुनियेत गेली दीडशे वर्षं दोन मोठ्या गनेरांची ओळख आहे. एक चिलीचा, गनेरा टिंक्टोरिया. दुसरा ब्राझीलचा, गनेरा मॅनिकाटा. सगळा गोंधळ या दोघांत आहे, म्हणून दोघांची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी.

टिंक्टोरियाचं शास्त्रीय वर्णन चिलीत जन्मलेले जेझुइट पाद्री हुआन इग्नासियो मोलिना यांनी १७८२ मध्ये केलं. चिलीत त्याला ‘नाल्का’ किंवा ‘पांगे’ म्हणतात. तिथे तो तण नाही, तो घरातला माणूस आहे. कोवळे देठ सोलून, मीठ लावून खातात. बाजारात जुड्या विकायला येतात. मुळांपासून कातडं कमावतात, काळा रंग काढतात. चिलोए बेटावर जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर मासे, शिंपले, मांस आणि बटाटे शिजवण्याची जुनी पद्धत आहे, तिला ‘कुरांतो’ म्हणतात. त्या खड्ड्यावर झाकण म्हणून याच झाडाची पानं पसरतात. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून चिलोएला पोचला तेव्हा तिथल्या कड्यांवर त्याने ही झाडं पाहिली आणि एक पान मोजलं. व्यास जवळजवळ ८ फूट भरला, म्हणजे घेर २४ फुटांचा. डार्विनचं हे मोजमाप लक्षात ठेवावं. पुढे ते फार कामाला येणार आहे.

मॅनिकाटा हा दक्षिण ब्राझीलच्या सेरा दो मार या डोंगररांगेतला, सांता कातारिना आणि त्याच्या खालच्या प्रदेशातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियमचे प्रसिद्ध रोपविक्रेते झां लिंडेन यांच्यामार्फत तो युरोपात पोचला. टिंक्टोरिया त्याच्या आधी, १८४९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आलेला होता. तो काळच असा होता की जमीनदारांच्या बागांमध्ये दूरदेशीची झाडं लावणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि तळ्याकाठी लावायला याहून भव्य झाड मिळणं शक्य नव्हतं. इंग्लंडमधून, स्कॉटलंडमधून आणि आयर्लंडच्या दमट पश्चिम किनाऱ्यावरच्या हवेल्यांमधून दोन्ही गनेरा शेजारी शेजारी लावले गेले.

मग माळी लोकांमध्ये एक समज रुजला. मॅनिकाटा म्हणजे मोठ्या पानांचा, शहाण्यासारखा एका जागी राहणारा. टिंक्टोरिया म्हणजे त्याहून लहान पानांचा, आणि संधी मिळाली की पळणारा. पुढे टिंक्टोरिया खरोखर पळाला. मेयोत, कॉनेमारात, किलरीच्या खाडीच्या आसपास, क्लेअर आयलंडवर त्याने शेतंच्या शेतं व्यापली. युरोपीय संघाने ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला आक्रमक परदेशी जातींच्या यादीत टाकलं. म्हणजे विकायचं नाही, वाढवायचं नाही, वाहतूक करायची नाही, निसर्गात सोडायचं नाही. बागप्रेमींनी मग सुटकेचा निःश्वास टाकत मॅनिकाटाकडे पाहिलं. तो यादीत नव्हता. रोपवाटिकांमधून ‘मॅनिकाटा’ अशी पाटी लावलेली रोपं विकली जात राहिली.

२०२२ मध्ये ज्युलियन शॉ, डॉन एडवर्ड्स आणि जॉन डेव्हिड या तिघांनी ‘ब्रिटिश अँड आयरिश बॉटनी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बागांतले गनेरा त्यांनी बारकाईने तपासले होते, जुन्या नोंदी चाळल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष वाचताना मी चकित झालो. बागांमध्ये ज्याला सगळे मॅनिकाटा म्हणत होते तो मॅनिकाटा नव्हताच. तो टिंक्टोरिया आणि मॅनिकाटा यांचा संकर होता. हा संकर कोणी मुद्दाम केलेला नव्हता. दोन्ही झाडं युरोपात आल्यावर फार थोड्या काळात, एकोणिसाव्या शतकातच तो आपोआप झाला. आणि खरा मॅनिकाटा? तो इथल्या बागांमधून केव्हाच नाहीसा झाला असावा. शंभराहून जास्त वर्षं त्याच्या नावाच्या पाटीमागे त्याचं पोर उभं होतं आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. संशोधकांनी या संकराला गनेरा क्रिप्टिका असं नाव दिलं, लपून राहिलेला या अर्थाने. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डिसेंबर २०२३ मध्ये ही गोष्ट जाहीरपणे सांगितली तेव्हा मोठमोठ्या नामांकित बागांवरही आपल्या तळ्याकाठच्या पाट्या पुन्हा वाचायची वेळ आली.

असं होतं कसं? यात कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. गनेराचं परागीभवन वाऱ्याने होतं. एका फुलोऱ्यावर हजारो बारीक फुलं असतात, पाकळ्यांचा थाटमाट नाही, सुगंध नाही; पराग वाऱ्यावर सुटतात आणि जिथे पोचतील तिथे पोचतात. आता तळ्याच्या एका काठाला चिलीचं झाड आहे, दुसऱ्या काठाला ब्राझीलचं. माळी शरद ऋतूत ब्राझीलच्या झाडावरून बी गोळा करतो, पाकिटावर त्या झाडाचं नाव लिहितो आणि पेरतो. बी कोणत्या आईचं ते त्याला ठाऊक आहे. बाप कोण ते वाऱ्याला ठाऊक. पाटी नेहमी आईच्या नावाने पुढे जाते. परागकणावर कोणी पाटी लावत नाही. रोपं उगवली की त्यांतली जोमदार वाढणारी माळी ठेवतो, आणि संकर अनेकदा जोमदार असतात. मग त्या रोपांचे तुकडे शेजारच्या बागेत जातात, तिथून नर्सरीत, नर्सरीतून दुसऱ्या देशात. प्रत्येक टप्प्यावर पाटी इमानेइतबारे नक्कल होते. झाड मात्र पहिल्याच पिढीत बदललेलं असतं.

याला जोडीला मोठ्या पानाची खूण. पान मोठं दिसलं की मॅनिकाटा, ही कसोटी इतकी सोपी होती की दुसरी कोणी शोधलीच नाही. डार्विनच्या ८ फुटी पानाची आठवण इथे ठेवायची. ते पान चिलोएतलं, म्हणजे टिंक्टोरियाचं होतं! पानाचा आकार पाणी, सावली, खत आणि झाडाचं वय यांवर ठरतो. तळ्याकाठच्या मऊ गाळात वाढलेला टिंक्टोरिया कोरड्या बांधावरच्या कुठल्याही गनेराहून भव्य दिसणारच. पानाच्या मापाने झाडाची जात ठरवता येत नाही, हे डार्विनने मोजपट्टी लावली त्या दिवसापासून लिहून ठेवलेलं होतं.

मग ओळखायचं कशावरून? फुलोऱ्यावरून. गनेराचा फुलोरा पानांच्या दाट छताखाली, जमिनीलगतच्या जाड खोडातून, एखाद्या भल्या मोठ्या कणसासारखा सरळ वर येतो. बहुतेक लोक पानांकडे इतके भारावून पाहत असतात की त्यांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. वाकून, देठांचे काटे चुकवत आत डोकावावं लागतं. टिंक्टोरियाचा फुलोरा घट्ट असतो; मधल्या दांड्याला फुटलेल्या बाजूच्या फांद्या आखूड, जाड आणि ताठ, साधारण ५ सेंटीमीटरच्या आतबाहेर. मॅनिकाटाच्या फांद्या लांब, सडपातळ, लवचीक, म्हणून सगळा फुलोरा सैल, मोकळा दिसतो. संकर या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. आणि हे ‘मध्ये कुठेतरी’च खरी अडचण आहे. दोन टोकं ओळखता येतात. मधलं ओळखायला टोकाची खरी झाडं समोर ठेवावी लागतात, आणि त्यांतलं एक टोक तर बागांमधून पुसलंच गेलं होतं. ज्याच्याशी ताडून पाहायचं तो मूळ नमुनाच नसेल तर नक्कल ओळखणार कोण? वाळवून, चिकटवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांची, म्हणजे हर्बेरियमची किंमत अशा वेळी कळते. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन भागातल्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात, १७९५ मध्ये स्थापन झालेल्या त्या बागेत, असा संग्रह आहे. आपल्याकडे पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आहे. तिथला प्रत्येक वाळका कागद म्हणजे एका नावाचा साक्षीदार असतो.

आता या झाडाच्या पोटातली गोष्ट. मला विचाराल तर गनेराचं सगळ्यांत थक्क करणारं अंग त्याचं पान नाहीच.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. भातखाचरात अ‍ॅझोला सोडतात, तिच्या पानांत निळं-हिरवं शेवाळ राहतं, तेही हेच काम करतं. पण ते पानातल्या पोकळीत राहतं, पेशीच्या बाहेर. गनेराने याहून पुढची मजल मारली आहे. नॉस्टॉक नावाचं निळं-हिरवं शेवाळ, खरं म्हणजे एक प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, गनेराच्या खोडातल्या जिवंत पेशींच्या आत राहतो. सपुष्प वनस्पतींच्या सगळ्या प्रचंड पसाऱ्यात अशा जिवाणूला पेशीच्या आत घर देणारी ही एकमेव प्रजाती. जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ योहानेस राइंके यांनी १८७० च्या दशकात हे सहजीवन उजेडात आणलं.

हे घडतं कसं ते पाहण्यासारखं आहे. बी रुजून रोप जेमतेम वर आलं की त्याच्या खोडावर, पहिल्या पानांच्या बुडाशी, लालसर ग्रंथी तयार होतात. पुढे प्रत्येक पानाच्या देठाच्या तळाशी अशा ग्रंथी येत राहतात. ग्रंथींतून चिकट, साखरमिश्रित स्राव झरतो. ओल्या मातीतल्या नॉस्टॉकला तो स्राव खुणावतो. एरवी एका जागी माळ करून राहणारा नॉस्टॉक आखूड, सरपटणाऱ्या तुकड्यांत मोडतो, ते तुकडे ग्रंथीच्या नळ्यांतून आत शिरतात, आणि तळाशी पोचले की झाडाच्या पेशी त्यांना आत घेतात. आत गेल्यावर नॉस्टॉकचं सगळं जगणं पालटतं. मोकळेपणी राहताना त्याच्या माळेत नायट्रोजन बांधणाऱ्या खास पेशी फार थोड्या असतात, शंभरात पाच-दहा. गनेराच्या आत त्यांची संख्या निम्म्याच्या वर जाते. प्रकाश नाही, म्हणून तो स्वतः अन्न बनवत नाही. साखर झाड देतं, नायट्रोजन तो देतो. गनेराचं जाड खोड आडवं कापलं तर आत गडद निळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या वसाहती डोळ्यांनी दिसतात.

या एका सोयीमुळे गनेरा अशा जागी वाढू शकतो जिथे दुसऱ्या झाडाचं पोटही भरणार नाही. पश्चिम आयर्लंडची जमीन पावसाने धुतलेली, पीटची, आम्ल, नायट्रोजनला पारखी. बाकी झाडांसाठी ती उपासमार, गनेरासाठी ती मोकळी जागा. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले ब्रूस ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच ‘बायोसायन्स’मध्ये या नायट्रोजन बांधणाऱ्या घुसखोराबद्दल लिहिलं होतं. तिथलं हवामान तर त्याला माहेरासारखं. चिलोए काय, अ‍ॅकिल काय, दोन्ही ठिकाणी पश्चिमेचा महासागर, सौम्य हिवाळा, कमी गोठण आणि वर्षभर पाऊस.

आणि माणसांनीही जागा मोकळी करून दिली. एकोणिसाव्या शतकातला दुष्काळ आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं स्थलांतर यांनी मेयोची शेतं रिकामी केली. अ‍ॅकिलवर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एक अख्खं सोडून दिलेलं गाव आहे, दगडी घरांच्या भिंती तेवढ्या उभ्या. जिथे बटाट्याचे वाफे होते, जिथे गुरं चरत होती, तिथे आता कोणी नांगर धरत नाही. अशा पडीक शेतात गनेराचं बी पडलं की त्याला अडवणारं कोणी नसतं. एक पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला अडीच लाखांपर्यंत बिया देऊ शकतं. बारीक नारिंगी-लाल फळं पक्षी खातात, ओढे वाहून नेतात. वसंताच्या सुरुवातीला बाकी गवत डोळे उघडायच्या आत त्याची पानं उलगडतात आणि खालची जमीन अंधारात जाते. उन्हाळ्यात त्याखाली जवळपास काही उगवत नाही. मग हिवाळा येतो, पानं कोसळून कुजतात, आणि ज्या उतारावर गवताने माती धरून ठेवलेली असायची तो उतार ऐन पावसाळी वादळांच्या मोसमात उघडा पडतो. मेयो परगण्याच्या प्रशासनाला त्याच्या निर्मूलनाची मोहीम चालवावी लागली, ती उगाच नाही. खोडाचा छोटा तुकडा मातीत राहिला तरी तो पुन्हा फुटतो, आणि मातीतल्या बियांचा साठा वेगळाच. एकदा काढून भागत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षं परतावं लागतं.

कोणी विचारेल, टिंक्टोरिया काय, मॅनिकाटा काय आणि संकर काय, नावाने एवढं काय बिघडतं? याचं उत्तर मला गनेरापेक्षा दुसऱ्या एका झाडाने जास्त नीट दिलं, आणि ते आपल्या जवळचं आहे.

केरळच्या कालव्यांत, खाजणांत आणि भातशेतीत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एक तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती पसरली. मल्याळीत तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणू लागले. आफ्रिकेतही तिने थैमान घातलं होतं: झांबेझी नदीवर करिबा धरण बांधल्यावर नव्या तलावाचा सुमारे पाचवा हिस्सा १९६२ पर्यंत तिने झाकून टाकला. शास्त्रज्ञ तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. ती दक्षिण अमेरिकेतली, म्हणून तिचा नैसर्गिक शत्रू तिथेच शोधायला गेले. त्रिनिदादमध्ये ऑरिक्युलाटावर जगणारे भुंगेरे आणि टोळ आणून सोडले. त्यांच्याने फारसं काही झालं नाही. त्यात वर्षं गेली. १९७२ मध्ये डेव्हिड मिचेल यांनी दाखवलं की ही ऑरिक्युलाटा नाहीच. ही वेगळी जात आहे, आणि संकरातून आलेली, बीजाणू निकामी असलेली, नुसत्या तुकड्यांवर पसरणारी. तिला साल्व्हिनिया मोलेस्टा नाव मिळालं. नाव बरोबर झालं तेव्हा कुठे तिचं खरं घर शोधता आलं. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांना ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथे, जॉइनव्हिल शहराजवळ, तिच्यावर एक चिमुकला काळा भुंगेरा जगत होता. हे शहर सांता कातारिनातलं, म्हणजे खऱ्या मॅनिकाटाच्याच प्रदेशातलं! सुरुवातीला त्या भुंगेऱ्यालाही चुकून जुन्या भुंगेऱ्याचंच नाव दिलं गेलं. १९८५ मध्ये तो वेगळी जात म्हणून वर्णिला गेला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला. पुढे केरळमध्येही, ऐंशीच्याच दशकात, त्याने कालवे मोकळे केले. चुकीच्या नावापायी गेलेली वर्षं, आणि नेमका भुंगेरा सोडल्यावर वर्षभरात सुटलेला प्रश्न. वनस्पती ओळखण्याच्या विद्येला कोरडी म्हणणाऱ्यांनी ही एवढी एक हकीकत वाचावी.

आपल्या सह्याद्रीत घाणेरीचं तेच दुखणं आहे. टणटणीही म्हणतात तिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आली. लँटाना कॅमारा हे एकच नाव आपण वापरतो, पण ते युरोपच्या बागांमध्ये कलमं आणि संकर करून तयार झालेल्या अनेक रूपांचं गाठोडं आहे. तिच्यावर सोडलेले कीटक एका रूपावर जगतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे तिच्या नियंत्रणातलं एक मोठं अडचणीचं कारण.

गनेराच्या नावांच्या गोंधळातून कायद्याने वाट काढली आहे, आणि ती मला शहाणपणाची वाटते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या आक्रमक जातींविषयीच्या नियमातच परदेशी जातीच्या व्याख्येत तिचे जगू आणि वाढू शकणारे संकरही धरले आहेत. म्हणजे यादीतल्या टिंक्टोरियाचा संकर पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी सुटत नाही. आयर्लंडने तर २०११ च्या आपल्या नियमांच्या यादीत टिंक्टोरिया आणि मॅनिकाटा दोन्ही नावं लिहून ठेवली होती. परवान्याशिवाय लावायचं नाही, पसरू द्यायचं नाही. दोन्ही पालकांचा उल्लेख असल्यावर पोराला लपायला जागा उरत नाही. ब्रिटनमध्ये, जिथे मॅनिकाटा वैध समजून लावला जात होता, तिथे संकर म्हणून तोही बंदीत आला. बागेत आधीपासून असलेलं झाड जागच्या जागी ठेवता येतं, पण त्याचं बी किंवा तुकडा कुंपणाबाहेर जाता कामा नये.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक सांगणं. बागेसह घर घेतलं आणि तळ्याकाठी किंवा ओलसर कोपऱ्यात अशी काटेरी देठांची अवाढव्य पानं दिसली, तर आधीच्या मालकाने काय नाव सांगितलं ते बाजूला ठेवा. उन्हाळ्यात खाली वाकून फुलोरा पाहा, फोटो काढा आणि वॉटरफर्ड इथल्या राष्ट्रीय जैवविविधता माहिती केंद्राकडे नोंद करा. सर्वसामान्य माणसांच्या नोंदी तिथे घेतल्या जातात आणि त्यांतूनच देशभराचे नकाशे बनतात. फळं पिकायच्या आत फुलोरे कापून टाका. खोडाचे तुकडे कचऱ्याच्या ढिगात किंवा ओढ्याच्या काठी फेकू नका. उपटायचं झालं तर आधी परगणा प्रशासनाकडून विल्हेवाटीची पद्धत विचारून घ्या. आपल्याकडे कुणाच्या अंगणात सुंदर झाड दिसलं की एक फांदी मागायची आणि आनंदाने द्यायची रीत आहे. ही रीत गोड आहे, पण या एका झाडापुरती ती मोडा. कोणी प्रेमाने मागितलं तरी गनेराचं रोप, बी किंवा तुकडा देऊ नका, आणि कोणी देऊ केलं तर घेऊ नका.